बोझतालचं न गोठणारं पाणी

१

विमानाच्या पंखावर बर्फाचा पापुद्रासुद्धा चालत नाही. म्हणून हिवाळ्यात उड्डाणाआधी प्रत्येक विमानाला आंघोळ घालतात. दोन्ही बाजूंना दोन गाड्या उभ्या राहतात, उंच पाळण्यातला माणूस नळी रोखतो आणि गरम, नारिंगी औषध पंखांवर सोडतो. वाफेचे लोट उठतात. आतले प्रवासी खिडकीला फोन लावून फोटो काढतात. पंखांवरून निथळलेलं ते नारिंगी पाणी पुढे कुठे जातं, हे आजवर एकाही प्रवाशाने विचारलेलं नाही. विचारील कशाला? त्याला घरी पोचायचं असतं.

शोल्पानचं कामच मुळी खाली बघण्याचं होतं. विमानतळाच्या सांडपाण्याची तपासणी तिच्याकडे होती. निथळलेलं पाणी गटारांतून मागच्या तळ्यात जमायचं आणि तिथून टँकर ते शहरातल्या शुद्धीकरण केंद्रात नेऊन ओतायचा. पण टँकर नव्या वर्षाच्या आधीच बंद पडला. त्यात यंदा धुकंच गोठून खाली पडत होतं, एकेका विमानाला दोनदोनदा आंघोळ लागत होती. तळं काठोकाठ भरलं.

आणि एका सकाळी ते अर्धं रिकामं दिसलं.

तळ्याच्या टोकाला एक लोखंडी झडप होती. ती उघडली की पाणी पाइपातून दरीत आणि दरीतून थेट बोझताल गावच्या ओढ्यात जायचं. ती कधी उघडायची नाही, असा नियम होता. शोल्पान तशीच बर्फाच्या बुटांनी उपव्यवस्थापकाच्या खोलीत शिरली. त्याचं नाव येर्सायिन. सगळे त्याला आदराने येरेके म्हणत. मनात आदर असो वा नसो.

"झडप कुणी उघडली, येरेके?"

"मी सांगितलं उघडायला." त्याने चहात दूध ओतलं. "बस. चहा घे. बाहेर उणे तीस आहे, शोल्पान. ओढ्यात गेलं की दगड होऊन बसेल. वसंत येईपर्यंत कुणाला त्रास नाही. तोवर टँकर होतोय दुरुस्त."

"दगड होऊन बसेल? अहो, गोठू नये म्हणूनच तर आपण ते विमानावर मारतो!"

"पंखावर," येरेके शांतपणे म्हणाला. "ओढ्याची गोष्ट वेगळी."

शोल्पानच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अज्ञानाचा राग येत नाही माणसाला. सोयीपुरतं पांघरलेल्या अज्ञानाचा येतो. "खाली गाव आहे," ती म्हणाली. "माझ्या सासूबाई राहतात तिथे."

"गाव कसलं ते, चार धुराडी. आणि तुझी सासू काय ओढा पिते?"

पीत होती. गावातली घोडी, मेंढ्या आणि माणसं, सगळी त्याच ओढ्यावर जगत होती.

२

रविवारी ती बोझतालला गेली. तिचा नवरा पश्चिमेला तेलविहिरींवर होता. घरी अपा, म्हणजे तिच्या सासूबाई, आणि घोडी एवढंच होतं. रोज सकाळी अपाने पहार घेऊन ओढ्यावर जायचं आणि बर्फ फोडून पाणवठा मोकळा करायचा, हे शोल्पान लग्न होऊन आल्यापासून पाहत होती. आज पहार भिंतीला टेकून उभी होती आणि अपा बउरसाक, म्हणजे कणकेचे गोळे, तळत गाणं गुणगुणत होती.

"केलिन, अल्लाने म्हातारीची कंबर बघितली गं!" सुनेला ती नावाने कधी हाक मारत नसे, 'केलिन' म्हणजे 'सून' असंच म्हणायची. "आठवडाभर पाणवठ्यावर बर्फच धरत नाहीये. पहार हातात घेतलेली नाही."

शेजारचा साबित चुलीपाशी शेकत बसला होता. "खाली गरम झरा फुटलाय, वहिनी," तो म्हणाला. "मी तर हमामच काढणार तिथे. शहरातल्या जाड्या बायका येतील, गाव सुधारेल."

"तुझी बायको आधी तुलाच त्यात बुडवील," अपा म्हणाली आणि त्याच्या हातात गरम बउरसाक ठेवला.

शोल्पानला हसू आलं नाही. ती अपाला घेऊन ओढ्यावर गेली. ओढा दोन्ही अंगांना पांढराशुभ्र, वरून ट्रक जाईल इतका जाड गोठलेला होता. मधोमध दाराएवढ्या जागेत मात्र काळं पाणी होतं. त्यावर बर्फाची साय नव्हती की वाफ नव्हती. हवेला पाक उकळताना येतो तसा गोडसर वास होता.

"अपा, घोड्यांना याला तोंड लावू देऊ नका. विमानतळाचं पाणी आहे हे."

"घोड्याला अक्कल नाही होय? वाईट पाण्याला घोडं तोंड लावत नाही. जिथे घोडं प्यालं तिथे तू डोळे मिटून पी, असं माझ्या सासूने मला सांगितलंय."

"तुमच्या सासूच्या वेळी विमानतळ नव्हता. हे गोड आहे, अपा. गोडाला घोडं काय, माणूसही फसतो."

तोवर घोडी येऊन पोचली. सगळ्यांत पुढे अपाची लाडकी करडी घोडी होती. तिने मान खाली घातली. घोडं चार घोट पितं, मान वर करतं, आजूबाजूला बघतं आणि पुन्हा पितं. करडीने मान वर केलीच नाही. बाकीच्या तिच्या शेजारी ओळीने उभ्या राहिल्या आणि त्यांनीही केली नाही. सगळ्यांचे गळे एकाच लयीत हलत होते.

घोडं पाण्यावर आलं की धन्याने हलकी शीळ घालायची, त्याशिवाय ते पोटभर पीत नाही. तशी शीळ चालली होती, खालच्या पट्टीतली, अजिबात घाई नसलेली.

"पुरे अपा, शीळ नका घालू," शोल्पान म्हणाली.

अपाने तिच्याकडे वळून पाहिलं. अपाच्या तोंडाभोवती लोकरीची शाल घट्ट बांधलेली होती. "मी कुठे घालतेय?" ती म्हणाली. "मला वाटलं, तू घालतेयस."

३

वारा असेल, असं शोल्पानने स्वतःला सांगितलं. वरच्या पाइपाच्या तोंडावरून वारा गेला की शीळ वाजणारच. गावातल्या धुराड्यांचा धूर त्या दिवशी सरळ वर जात होता, हे तिला दिसलं होतं. पण दरीत वारा असू शकतो. दरीची गोष्ट वेगळी, असं मनाशी म्हणताना येरेकेचंच वाक्य आपण वापरतोय हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

साबितच्या मदतीने तिने घोडी मागे हटवली, पाणवठ्यावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर दगड ठेवले आणि एक बरणी भरून पाणी बरोबर आणलं.

तपासणीची खोली लहान होती. एक टेबल, एक खिडकी, खिडकीखाली गरम पाण्याचा लोखंडी हीटर. पाण्यात प्राणवायू जवळजवळ उरलाच नव्हता. त्यात करड्या धाग्यांचे पुंजके तरंगत होते. त्याचं तिला नवल वाटलं नाही. साखरेवर मुंग्या येतात तसे असल्या पाण्यात हे जंतू वाढतात, पुस्तकातच आहे ते. तिने बरणी टेबलाच्या मधोमध ठेवली आणि नोंदी करायला बसली.

थोड्या वेळाने मान वर केली तर धागे बरणीच्या तिच्याकडच्या बाजूला येऊन काचेला चिकटले होते.

हीटर पलीकडे होता. मग उबेसाठी ते अलीकडे का यावेत? प्रकाशासाठी म्हणावं, तर खिडकीही पलीकडेच होती. ती उठून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि मुद्दाम बरणीकडे न बघता काम करत राहिली. पुन्हा पाहिलं तेव्हा धागे या बाजूला आले होते. आधीच्या जागी काचेवर आतून एक गोल ठसा उरला होता. लहान मूल खिडकीच्या काचेला तोंड दाबतं आणि मग बाजूला होतं, तेव्हा राहतो तसा.

शोल्पानने बरणीवर टॉवेल टाकला. हसण्यासारखी गोष्ट होती. इतकी वर्षं पाणी तपासणारी बाई पाण्यावर टॉवेल टाकते! ती खरंच थोडी हसली. टॉवेलखालून घुटक्याचा आवाज आला.

झाकण घट्ट होतं. पाणी मात्र दोन बोटं कमी झालं होतं.

४

झडपेवर विक्तोर नावाचा म्हातारा रखवालदार असे. शोल्पानने त्याला झडप बंद करायला सांगितली.

"पोरी, माझ्यावर नको ओरडूस," तो म्हणाला. "येरेकेचा शब्द येऊ दे, या क्षणी फिरवतो. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर फिरवली तर नोकरी जाईल आणि मला काठी टेकत घरी जावं लागेल." मग त्याने इकडेतिकडे बघितलं. "पण आलीच आहेस तर इथे कान लाव."

तिने टोपीची कानपट्टी वर करून पाइपाजवळ डोकं नेलं. उतारावरून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज एकसारखा असतो. हा तसा नव्हता. गट्ट. मग थोडी उसंत. मग पुन्हा गट्ट.

"पाणी जात नाहीये ते," विक्तोर म्हणाला. "कुणीतरी घेतंय. मी दारू सोडली त्याला खूप वर्षं झाली, तेव्हा तसं काही मनात आणू नकोस."

ती येरेकेकडे गेली. या खेपेला खुर्चीवर बसली नाही. बरणीबद्दल ती काही बोलली नाही, शिळेबद्दलही नाही. जे मोजता येतं तेवढंच बोलली. पाण्यात प्राणवायू नाही. औषध विषारी आहे आणि चवीला गोड आहे. गुरं ते पितात.

"हे बघ," येरेके म्हणाला, "झडप बंद केली की तळं उतू जाणार. पाणी विमानांखाली येणार. फवारणी थांबली की राजधानीचं विमान थांबणार. तुझ्या सासूच्या घोड्यांसाठी मी राजधानीचं विमान थांबवू?"

"विमान नका थांबवू. दुसरा टँकर मागवा."

"वर विचारलंय."

"वर म्हणजे कुणाला?"

"वर म्हणजे वर." त्याने छताकडे बोट केलं. "मी काही राक्षस नाही, शोल्पान. मलाही वाईट वाटतं."

"तुमच्या वाईट वाटण्याने ओढा साफ होणार आहे का?" तिचा आवाज इतका चढला की बाहेरच्या टायपिस्ट बाईने हात थांबवले. "स्वतःच्या अंगणात एक बादली ओतून दाखवा ना! तुमच्या घरच्या नळाला येऊ दे ते!"

"मी तर ग्लासभर पिऊनसुद्धा दाखवीन," येरेके हसून म्हणाला. "इतकं पातळ झालंय की लहान मुलालाही बाधणार नाही."

५

करडी घोडी मेल्याचा फोन अपाने केला तेव्हा तिच्या आवाजात रडू नव्हतं. रडण्यापलीकडचं काहीतरी होतं.

शोल्पान पोचली तेव्हा घोडी बर्फावर आडवी होती. फळ्या बाजूला फेकलेल्या होत्या. त्या घोडीने सरकवल्या असाव्यात, असं साबित म्हणाला खरा, पण फळ्या मधोमध मोडल्या होत्या आणि मोडलेल्या कडा आकाशाकडे वळलेल्या होत्या.

"तोंड पाण्यात होतं तिचं," साबित म्हणाला. आज त्याच्या तोंडी हमामची थट्टा नव्हती. "आम्ही चौघांनी दोर लावून ओढली. मेलेलं घोडं जड असतं, ते माहीत आहे मला, वहिनी. पण ती नुसती जड नव्हती. पलीकडून कुणी धरावं तशी..." त्याने हातमोजे झटकले.

घोडीचे ओठ पांढरे पडले होते आणि पुढे खेचले गेले होते. अपाने आपल्या शालीने ते झाकले. "माझ्या हाताने दूध काढलंय हिचं," ती म्हणाली. "मीच म्हटलं, घोड्याला कळतं. मी पाठवलं हिला." मग ती शोल्पानकडे वळली. "आता मेंढ्या जातील. मग आपण. चुलीवर वितळवायला बर्फ फोडते, त्यालाही कालपासून गोड वास येतोय. केलिन, हे कुणी केलं त्याला इथे आण. त्याला इथे उभं करून मला विचारायचंय."

आणायची गरज पडली नाही. साबितने घोडीचा व्हिडिओ फोनवरून सोडला, तो जिल्हाभर फिरला आणि जिल्हा कार्यालयातून येरेकेला दम आला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतःच गाडी घेऊन बोझतालला हजर झाला. कोटाच्या खिशात त्याने काचेचा ग्लास आणला होता.

६

अपा दारात नान घेऊन उभी होती. शत्रू असला तरी दारी आलेल्याने भाकरीला तोंड लावल्याशिवाय जायचं नाही. येरेकेने तुकडा मोडून तोंडात टाकला आणि घोडीबद्दल हळहळ व्यक्त केली. चांगले शब्द वापरले त्याने. असल्या माणसांकडे शब्द चांगलेच असतात.

"अन्नाला तोंड लावलंत," अपा म्हणाली. "आता आमच्या पाण्यालाही लावा."

"त्यासाठीच आलोय, अपा," तो म्हणाला. साबितला त्याने फोन चालू करायला सांगितला.

ऊन पडलं होतं, बर्फ डोळ्यांत खुपत होतं. येरेकेने वाकून ग्लास भरला, उन्हात धरला. "बघा. काचेसारखं आहे." त्याने ओठ ओले करण्यापुरता घोट घेतला आणि तो थांबला. चेहऱ्यावरचं सरकारी हसू विरघळलं. तिथे एक भाबडा, नवलाचा भाव आला. शोल्पानने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

"गोड आहे," तो म्हणाला.

त्याने ग्लास रिकामा केला. पुन्हा भरला, पुन्हा रिकामा केला. मग ग्लास हातातून निसटून बर्फावर घरंगळत गेला आणि तो गुडघ्यांवर बसला, दोन्ही तळवे टेकले आणि त्याने पाण्यात तोंड घातलं.

शीळ सुरू झाली. साबितने फोन खाली केला. तो दोन पावलं मागे सरला आणि मग वळून काठावर येऊ लागलेल्या घोड्यांकडे पळाला. अपाने दोन्ही हातांनी आपलं तोंड झाकून घेतलं होतं. शीळ आपण घालत नाही, हे ती दाखवतेय, हे शोल्पानला कळलं.

"येरेके, बस करा," शोल्पान म्हणाली. त्याचा गळा घोडीसारखाच लयीत हलत होता. ती पुढे झाली आणि तिने त्याच्या कोटाचा पट्टा मुठीत धरला. वाकल्यामुळे तिला पाणी दिसलं. त्याचं तोंड कशाला लागलं होतं, ते दिसलं. खालून कुणीतरी वर आलं होतं. पांढुरके, रुंद ओठ त्याच्या ओठांवर अलगद टेकलेले होते आणि त्यांच्यामागे ओढ्याच्या तळापर्यंत नुसता गळा होता.

तिने सगळा जोर लावून पट्टा ओढला. येरेके मागे कोसळला. त्याच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं, ते गोठत नव्हतं.

"सोड," तो म्हणाला. "थोडंसंच."

"आधी फोन करा. विक्तोरला झडप बंद करायला सांगा."

"मग पिऊ देशील?"

शोल्पानने अपाकडे पाहिलं. अपाने नजर फिरवली नाही आणि मानही हलवली नाही. "देईन," शोल्पान म्हणाली.

त्याच्या बोटांना आकडे दाबता येईनात, ते तिने दाबले. पलीकडून विक्तोरचा आवाज आला. "बंद कर," येरेके म्हणाला.

"पण तळं उतू जाईल, येरेके. राजधानीचं विमान..."

"बंद कर म्हटलं ना! घट्ट बंद कर! आता लगेच!" एवढ्या तळमळीने त्याने आयुष्यात कुठलाही हुकूम सोडला नसेल. फोनमधून लोखंडाचा करकर आवाज आला, बराच वेळ येत राहिला आणि शेवटी थांबला. "झाली," विक्तोर म्हणाला. "शब्द मिळाला, झाली."

येरेके शोल्पानकडे बघू लागला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती नव्हती, ओळखही जवळजवळ नव्हती. पट्टा तिच्या मुठीत ताणला गेला होता. त्याला आता गाडीत घालून शहरात न्यावं, इस्पितळात टाकावं, हे तिला सुचलं. तो बरा होईल. दोन दिवसांनी खुर्चीत बसेल, चहात दूध ओतेल, राजधानीच्या विमानाचं विचारील आणि विक्तोरला फोन करील. हेही तिला तितकंच स्पष्ट दिसलं.

"तू म्हणालीस," तो लहान मुलासारखा म्हणाला. "तू शब्द दिलास."

"दिला," शोल्पान म्हणाली, आणि तिने पट्टा सोडला.